कॅश शॉर्ट

हर्सूल टी-पॉइंटला सकाळी नऊ-वीसला
तो मागच्या दारानं चढतो
आणि उभाच राहतो, सीट रिकामी असली तरी.
मुठीत नाणी. मला बघावी लागत नाहीत.
सहा वर्षं ही बॅग खांद्यावर आहे,
आवाजावरनं कळतं, कमी पडतायत.

नाव नबील. आडनाव अल-मक्तरी,
माझ्या तोंडात त्याचं मखतारी होतं,
तो दुरुस्त करत नाही.
ताइजहून इथं शिकायला आलेला,
विद्यापीठात डॉक्टर होईस्तोवर
मागं परत जायला गल्ली उरली नाही.
आता दर पंधरवड्याला मिल कॉर्नर, आयुक्तालय,
सही करायची, की मी अजून इथंच आहे.
काम करायची परवानगी नाही.
तिथवर यायचं कशानं, ते कागदावर कुठं नाही.

मशीनवर बटणं आहेत:
फुल, हाफ, ज्येष्ठ, विद्यार्थी, दिव्यांग, लगेज.
पहिल्यांदा मी लगेज दाबलं. पाच रुपये.
चेकर आला तर सांगू काहीतरी.
त्यानं ती चिठ्ठी वाचली, मराठी अक्षरं येतात त्याला,
नीट घडी घातली, पाकिटात ठेवली,
म्हणाला, "ताई, बाकीचे उद्या."
'उद्या' हा शब्द तो फार स्वच्छ उच्चारतो.
रात्री मला भाकरी गोड लागली नाही.
तेव्हापासून फुलच काढते. वरचे माझे.

मधेच गावाचं नाव बदललं.
त्याच्या कागदावर जुनं, साहेबांच्या शिक्क्यात नवं.
"दुरुस्त करून आणा."
म्हणजे जाऊन-येऊन दोन तिकिटं, बायको धरून चार.
रहफ अजून मांडीवर मावते, तिचं लागत नाही,
पण पोरगी काही वाढायची थांबणार नाही.

घरी सासऱ्यांना सांगितलं.
मामा चौऱ्याऐंशीचे, परंड्याकडचे,
निजामाच्या शेवटच्या साली
रातोरात हद्द ओलांडून बार्शीला पळालेले.
"झोप, नाहीतर अरब येईल"
असं आमच्यात अजून पोरांना म्हणतात.
म्हणून मी आधी नुसतं परदेशी म्हणलं.
कुठला?
येमेनचा.
म्हणजे कोण?
म्हणजे अरब, मामा.

त्यांनी पानाचा देठ खुडला,
मग शिरा काढत बसले. लई वेळ.
पान अर्धं संपलं.
मग म्हणले, बार्शी लाइटच्या गार्डाला
आई म्हणली होती, दादा, पैसे नाहीत.
तो म्हणला,
पोराचा हात खिडकीबाहेर जाऊ देऊ नका.
"आन् पुढं?"
पुढं काय. गाडी चालली.
मामा झोपले, किंवा तसं दाखवलं.
सकाळी माझ्या डब्याखाली दहाची तीन नाणी होती.
विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

डेपोत कुणाला तरी कळलं.
जिलानी ड्रायव्हरनं इंजिनाच्या झाकणावर
पेढ्याचा रिकामा डबा ठेवला,
पगारेनं वीस टाकले, मेकॅनिकनं पाच.
कुणीतरी हसत नबीललाही सांगितलं.
नंतरच्या फेरीला टी-पॉइंटवर तो नव्हता.

दिल्ली गेटपाशी दिसला, मे महिन्याच्या उन्हात,
रहफ खांद्यावर, ओढणीनं डोकं झाकलेली.
जिलानीनं गाडी त्याच्या पायाच्या चालीनं लावली,
दार उघडं ठेवलं, बोलला काही नाही.
मागं हॉर्न, शिव्या, एक रिक्षावाला तर उतरूनच आला.
नबील समोर बघत चालत राहिला.
मला त्याचा रागही आला, खरं सांगते.
डबा आम्ही त्याला विचारून ठेवला नव्हता,
हे ध्यानात यायला मला कमानीपर्यंत लागलं.
जिलानीला म्हणलं, डबा आत घे, सीटखाली.

पोरीनं दाराच्या दांडीकडं हात लांबवला.
"हात आत घे गं बाळ," मी म्हणलं,
आणि गाडी थांबली,
आणि तो थांबला.
त्यानं मूठ उघडली. सात रुपये होते.
मी सातही घेतले, मोजून.

संध्याकाळी खिडकीवर भावलेसाहेब:
बाई, तेरा शॉर्ट.
भरते.
कशानं गेले?
म्हणलं, सुट्टे नव्हते.